पडद्यावरच्या इंजिनाचा फायरमन

आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९० च्या दशकात बंद झाली. आज नववी-दहावीत असलेल्या मुलांनी असे इंजिन पाहिलेच असेल, तर ते एखाद्या स्थानकाबाहेर चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले, थंडगार. तरीही उष्णतेचे रूपांतर यांत्रिक ऊर्जेत होते याचे उदाहरण द्यायचे म्हटले की पाठ्यपुस्तक अजून वाफेच्या इंजिनाकडेच वळते. आकृतीत एक सिलिंडर, एक दट्ट्या, एक चाक आणि बाण. बाणांच्या दिशा पाठ झाल्या की धडा संपतो.

ही उणीव संगणकावरचा ट्रेन सिम्युलेटर भरून काढू शकेल का, असा प्रश्न काही शिक्षक विचारतात. या प्रकारच्या कार्यक्रमांत हल्ली 'तपशीलवार' इंजिनांचे कौतुक फार होते. म्हणजे अशी इंजिने, की ज्यांत एक कळ दाबून गाडी पळत नाही. भट्टी पेटवण्यापासून ब्रेक सोडण्यापर्यंतची प्रत्येक क्रिया चालवणाऱ्यालाच करावी लागते. ते शिकायला आठवडे जातात. एवढा वेळ खर्च करून विद्यार्थ्याच्या हाती विज्ञान किती लागते, हे पाहण्यासाठी येथे एकच इंजिन घेतले आहे.

इंजिन आहे इंग्लंडचे 'फ्लाइंग स्कॉट्समन', क्रमांक ४४७२. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यानुसार ते १९२३ साली डॉन्कास्टर येथे बांधले गेले आणि आज ते ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचे आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ साली बाजारात आणलेल्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये ते होते. त्या कार्यक्रमाची पुढची आवृत्ती २००९ साली अर्धवट सोडून देण्यात आली. पण त्याच फाइली वाचू शकणारा 'ओपन रेल्स' नावाचा कार्यक्रम स्वयंसेवकांनी लिहिला आणि २०१४ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तो फुकट मिळतो. मार्ग आणि इंजिने मात्र वेगळी मिळवावी लागतात. त्यांतली काही फुकट असतात, काही विकत.

जुन्या कार्यक्रमातली एक गंमत आधी सांगून टाकतो. त्यात हे इंजिन १९२० च्या दशकातल्या सेटल-कार्लाइल मार्गावर धावते. मार्ग देखणा आहे, चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल त्यावरच लागतो. पण त्या काळी हा मार्ग एल.एम.एस. कंपनीचा होता आणि इंजिन तिच्या प्रतिस्पर्धी एल.एन.ई.आर.चे. त्या काळात ते तेथे नेमाने गाड्या ओढत असणे शक्य नव्हते. इतिहासाच्या शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावे. चित्र जितके हुबेहूब, तितका त्यातल्या चुकीवर लवकर विश्वास बसतो.

आता शिकण्याकडे वळू. तपशीलवार इंजिनाबरोबर बहुधा एक यादी येते: हा कॉक उघडा, तो बंद करा, रिव्हर्सर पूर्ण पुढे, ब्रेक सोडा, रेग्युलेटर थोडा उघडा. यादी पाठ केली की गाडी हलते. विद्यार्थ्याला वाटते, आले. माझे पहिले गाऱ्हाणे येथेच आहे. बाणांच्या दिशा पाठ करणे आणि कळांचा क्रम पाठ करणे यांत फरक फारसा नाही. दुसऱ्यात आवाज येतो आणि देखावा हलतो, एवढेच. 'सिलिंडर कॉक आधी का उघडायचे?' असे विचारले की यादी गप्प बसते. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते, पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्या त्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते, हे शिक्षकालाच सांगावे लागते. बरेच विकतचे कार्यक्रम अशा इंजिनांबरोबर जाडजूड पुस्तिका देतात; त्यांत 'कसे' पुष्कळ असते, 'का' शोधावे लागते.

पण यादी ओलांडून पुढे गेले की हेच इंजिन फार चांगला शिक्षक ठरू शकते, आणि ते कोठे ठरते हे सांगणे या लेखाचे मुख्य काम आहे.

प्रथम कट-ऑफ घ्या. वाफेच्या इंजिनाला दोन मुख्य नियंत्रणे असतात. रेग्युलेटर बॉयलरमधून येणारी वाफ कमी-जास्त करतो. रिव्हर्सर दिशा ठरवतो, पण त्याचबरोबर दट्ट्याच्या धावेच्या कितव्या हिश्शापर्यंत वाफ आत येऊ द्यायची हेही ठरवतो. या हिश्शाला कट-ऑफ म्हणतात. निघताना तो ७० टक्क्यांच्या आसपास असतो, वेगात १५-२० टक्के. नवशिका हमखास रिव्हर्सर पूर्ण पुढे ठेवूनच गाडी पळवतो, कारण मोटारीतल्या सवयीने त्याला एकच पेडल ठाऊक असते. थोड्याच वेळात बॉयलरचा दाब कोसळतो आणि गाडी चढावर उभी राहते. आता वर्गात फळ्यावर हिशेब करा. पूर्ण धावभर वाफ आत घेतली तर कार्य दाब गुणिले आकारमान एवढे. पाव धावेलाच झडप बंद केली, तर उरलेल्या पाऊण धावेत आतली वाफ प्रसरण पावून दट्ट्या ढकलत राहते. बॉईलचा नियम लागू धरला आणि मागचा दाब सोडून दिला, तर एकूण कार्य पूर्वीच्या सुमारे ६० टक्के भरते. वाफ मात्र फक्त २५ टक्के खर्च झाली! बारावीच्या विद्यार्थ्याला यातले लॉगरिथम येतेच: पाव गुणिले (एक अधिक चारचा नैसर्गिक लॉग). संगणकाच्या पडद्यावर रिव्हर्सर मागे घेतल्यावर दाबाचा काटा सावरतो, तेव्हा हे समीकरण त्याला प्रथमच खरे वाटते.

या मुद्द्याला खरा इतिहासही आहे. १९२५ साली एल.एन.ई.आर. आणि ग्रेट वेस्टर्न या दोन कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल करून चाचण्या घेतल्या. ग्रेट वेस्टर्नचे 'पेंडेनिस कॅसल' ग्रेस्ली यांच्या इंजिनापेक्षा लहान, तरी त्याने कमी कोळशात तेच काम केले. त्याच्या बॉयलरचा दाब अधिक होता, आणि झडपांची रचना अशी होती की ते कमी कट-ऑफवर मोकळेपणाने धावू शके. ग्रेस्ली यांनी आपल्या इंजिनांच्या झडपा त्यानंतर बदलल्या आणि कोळशाचा खर्च घटला. या बदलाचे महत्त्व एका साध्या भागाकारातून कळते. १ मे १९२८ पासून लंडन-एडिंबरो ही ३९२.७ मैलांची गाडी न थांबता धावू लागली. टेंडरमध्ये कोळसा मावे ९ टन, म्हणजे २०,१६० पौंड. मैलामागे ५१ पौंडांहून अधिक कोळसा लागला असता तर हा प्रवास अशक्य होता. (पाणी वाटेत रुळांमधल्या लांब हौदांतून धावतानाच उचलून घेत, आणि टेंडरमधून एक अरुंद बोळ काढला होता, त्यातून अर्ध्या वाटेवर ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलत असे.)

दुसरा भाग भट्टीचा आणि पाण्याचा, आणि येथे सिम्युलेटर पाठ्यपुस्तकाच्या फार पुढे जातो. सेटलहून उत्तरेकडे निघाले की मैलोन्‌मैल शंभरास एक असा चढ लागतो. समजा दाब १८० पौंडांवरून १४० वर आला. नवशिका काय करतो? भट्टीत भराभर कोळसा टाकतो. दाब आणखी उतरतो. कारण ताजा कोळसा आधी स्वतः तापायला उष्णता घेतो, आणि थर फार जाड झाला की हवा वर येत नाही. ओपन रेल्समध्ये भट्टीतल्या कोळशाचे वजन प्रमाणाबाहेर गेले की ज्वलन मंदावते. तो हिशेब कार्यक्रमात केलेला आहे. मग नवशिक्याचे लक्ष पाण्याच्या काचेकडे जाते, पातळी खाली गेलेली दिसते, तो घाबरून इंजेक्टर सुरू करतो. थंड पाणी आत शिरते आणि दाब पुन्हा उतरतो. म्हणजे दोन्ही उपाय योग्य, पण दोन्हींची वेळ चुकलेली.

इंजेक्टरचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १८० पौंड दाबाला बॉयलरमधले पाणी सुमारे १९३ अंश सेल्सिअसला उकळते. टेंडरमधले एक किलो पाणी १५ अंशांवरून तेथवर नेण्यास साधारण ७६० किलोज्यूल लागतात आणि त्याची वाफ करण्यास आणखी सुमारे १,९७० किलोज्यूल. (१०० अंशांना अप्रकट उष्मा २,२५७ असतो, मग येथे कमी कसा, हा प्रश्न वर्गात जरूर येऊ द्यावा.) याचा अर्थ भट्टीच्या उष्णतेचा पावाहून थोडा अधिक भाग केवळ पाणी तापवण्यात जातो. चढाच्या शेवटच्या काही मिनिटांत इंजेक्टर बंद ठेवला, तर तीच आग सव्वा पटीहून अधिक वाफ देते. अनुभवी फायरमन पायथ्याशी बॉयलर भरून घेत, चढावर पातळी उतरू देत आणि माथा ओलांडल्यावर पुन्हा भरत. आपण मुलांना 'ऊर्जा साठवता येते' असे सांगतो. येथे साठवण कशात आहे, केव्हा काढायची आणि केव्हा परत भरायची हे तिघांनाही एकत्र ठरवावे लागते: ड्रायव्हर, फायरमन आणि पुढचा चढ.

कारण आणि परिणाम यांच्यामध्ये वेळ जातो ही गोष्ट आपल्या प्रयोगशाळेत जवळजवळ दिसतच नाही. विद्युत मंडलात कळ दाबली की दिवा लागतो. बॉयलरमध्ये आज टाकलेल्या फावड्याचा परिणाम काही मिनिटांनी दिसतो, तोवर गाडी दोन मैल पुढे गेलेली असते. हवामान, लोकसंख्या, विहिरीचे पाणी हे सगळे असेच उशिरा उत्तर देणारे विषय. अशा व्यवस्थेवर हात बसवण्याचा सराव शाळेत दुसरा कोठे मिळतो? माझ्या मते सिम्युलेटरची खरी योग्यता ही आहे, आणि त्याच्या जाहिरातीत तिचा उल्लेख सहसा नसतो.

आता दुसरी बाजू. ओपन रेल्समध्ये एफ-५ ही कळ दाबली की पडद्यावर आकड्यांची रांग उमटते: भट्टीत कोळसा किती, वाफ किती तयार होते, किती खर्च होते, ओढ किती. खऱ्या फायरमनला यातले जवळजवळ काहीच दिसत नसे. त्याच्यापुढे दाबाचा काटा, पाण्याची काच आणि धुराड्यातल्या धुराचा रंग. काही जाणकार म्हणतात की हे आकडे पाहणे म्हणजे लबाडी. मला तसे वाटत नाही, पण क्रम महत्त्वाचा. पहिल्या फेरीत आकडे झाकून ठेवावेत आणि मुलांना अंदाज लिहायला लावावेत. दुसऱ्या फेरीत उघडावेत. उलट क्रमाने केले तर मुले इंजिन चालवत नाहीत, आकडा चालवतात.

ओपन रेल्सचे आणखी एक वैशिष्ट्य शिक्षकांच्या ध्यानात यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. त्याचे गणित उघडे आहे. मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, आणि पुस्तिकेत सूत्रे दिलेली आहेत. उदाहरणार्थ, रुळावर चाकाची पकड वेगानुसार कशी कमी होते याचे कुर्टियस आणि क्निफलर यांचे सूत्र: ७.५ भागिले (वेग अधिक ४४), अधिक ०.१६१, वेग ताशी किलोमीटरमध्ये. गाडी उभी असता उत्तर येते ०.३३, ताशी ८० किलोमीटरला ०.२२. तसेच प्रत्येक इंजिनाची माहिती एका साध्या मजकूर-फाइलीत असते: सिलिंडरचा व्यास, दट्ट्याची धाव, बॉयलरचा दाब. फाइलीची प्रत करून त्यात दाब बदलावा आणि काय होते ते पाहावे. विकतच्या बऱ्याच कार्यक्रमांत इंजिन दिसायला अधिक देखणे असते, पितळी नळीवरचे ओरखडेसुद्धा दिसतात. पण आत कोणते सूत्र आहे हे कळत नाही. जे तपासता येत नाही त्यावर विश्वास ठेवायला शिकवणे हे विज्ञानाच्या तासाला शोभत नाही. म्हणून चित्र थोडे साधे असले तरी वर्गासाठी मी ओपन रेल्सच निवडीन.

तपासण्याचा एक नमुना देतो. फ्लाइंग स्कॉट्समनला मूळ रूपात तीन सिलिंडर, व्यास २० इंच, धाव २६ इंच, मोठी चाके ८० इंच आणि दाब चौरस इंचास १८० पौंड. दाबाचा ८५ टक्के भाग सिलिंडरमध्ये पोचतो असे धरून ओढ काढायची प्रचलित रीत आहे. ०.८५ गुणिले १८०, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले धाव, गुणिले दीड (तीन सिलिंडरांसाठी), भागिले चाकाचा व्यास. उत्तर २९,८३५ पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा टन वजनाएवढी ओढ. हाच आकडा या इंजिनाच्या माहितीत छापलेला असतो. ओढणाऱ्या सहा चाकांवर भार सुमारे ६० टन. भागाकार केला तर ०.२२. कोरड्या रुळावर निघताना पकड पुरते. ओल्या रुळावर रेग्युलेटर जोरात उघडला तर चाके जागच्या जागी फिरू लागतील हे आधीच सांगता येते. मग पडद्यावर पाऊस पाडून पाहावे.

हाच हिशेब बोरघाटाला लावून बघा. कर्जत-लोणावळा चढ सदतीसास एक आहे. ४०० टनांची गाडी आणि इंजिन-टेंडरचे मिळून सुमारे १५० टन धरले, तर नुसत्या चढासाठी ५५० भागिले ३७, म्हणजे जवळजवळ १५ टन ओढ हवी. एवढे नावाजलेले इंजिन तेथे एकट्याने गाडी जागची हलवूही शकणार नाही. आपल्या घाटात मागून जोर देणारी बँकर इंजिने का लागतात, हे मुलांना यापेक्षा सोपे करून कसे सांगणार? शंभरास एक चढावर तीच गाडी साडेपाच टनांत भागते.

सिम्युलेटर जेथे अगदीच तोकडा पडतो ती जागा म्हणजे धोका. भट्टीच्या छतावर सतत पाणी असावे लागते. ते उघडे पडले तर तापलेला पत्रा दाबाखाली खचतो आणि केबिनमधली माणसे वाचणे कठीण. त्यासाठी छतात शिशाची वितळणारी गुडदी बसवतात. यात चढाचा वाटा मोठा. दहा मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये शंभरास एक चढावर दोन टोकांच्या पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. भट्टी मागच्या टोकाला, काचही तेथेच. चढताना पाणी मागे येते आणि काच भरलेली दिसते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे पळते. म्हणून चढावर पातळी उतरू देणारा फायरमन काचेतल्या पाण्यावर विसंबून राहत नसे, पुढचा रस्ता त्याला पाठ असे. तीच गोष्ट ज्वालांची. रेग्युलेटर एकदम बंद केला की धुराड्यातला ओढा थांबतो आणि आग भट्टीच्या दारातून केबिनमध्ये येऊ शकते. त्याआधी ब्लोअर उघडावा लागतो. पडद्यावर फार तर एक सूचना उमटते आणि फेरी पुन्हा सुरू होते. भाजलेल्या हातांची आणि टनांनी उपसलेल्या कोळशाची जाणीव कळफलकाला नाही. हे शिक्षकाने बोलून भरून काढायचे, आणि शक्य असेल तर एखाद्या निवृत्त रेल्वे कामगाराला वर्गात बोलावून.

ब्रेकबद्दल थोडक्यात. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना निर्वात ब्रेक असे, आपल्याकडेही तो दीर्घकाळ होता. २१ इंच पाऱ्याचे निर्वात म्हणजे वातावरणीय दाबाच्या ७० टक्के. त्याहून फारसे मिळणे शक्यच नाही, म्हणून सिलिंडर मोठे. आजच्या हवेच्या ब्रेकमध्ये नळीत पाच किलो दाब असतो. दोन्हींत नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. मुलांना आधी विचारावे, की ब्रेक लावण्यासाठी दाब वाढवावा लागत असेल की कमी करावा लागत असेल. बहुतेक जण उलटे उत्तर देतात.

चाळीस मुलांत संगणक एक असेल तरी चालते. एक ड्रायव्हर, एक फायरमन, एक गार्ड; बाकीच्यांनी दर मिनिटाला दाब, पाणी आणि वेग टिपायचा आणि आलेख काढायचा. पुढच्या तासाला जोड्या बदलाव्यात.

आवाज मात्र चालू ठेवावा. तीन सिलिंडरांच्या या इंजिनाच्या चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे सहा ठोके ऐकू यायला हवेत. ८० इंची चाकाचा परीघ ६.३८ मीटर, ताशी पाच मैलांना दहा सेकंदांत साधारण २१ ठोके पडतील, दहा मैलांना ४२. डोळे मिटून ठोके मोजावेत, वेग काढावा आणि मग काट्याशी ताडून बघावा. उत्तर जुळले नाही तर आवाज भरणाऱ्याने कोणत्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण वापरले असेल, हा तर्क मुलांवर सोडावा. दोन सिलिंडरांचे इंजिन एका फेऱ्यात चार ठोके देते.